कोरड्या खड्ड्याची साक्ष

१

वच्छला गेली ती मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, गच्चीवरच्या तारेवर ओलं लुगडं टाकता टाकता.

बातमी जाईबाईंनी आणली. शालूच्या या सासूबाई भाजीबाजारातून आल्या त्या पिशवी खाली ठेवायचं विसरून दारातच उभ्या राहिल्या.

"शालू, त्या फुलवाल्या शालिकरामची बायको गेली वो. करंट लागला म्हणे."

शालूनं आधी पोरीकडं पाहिलं. नऊ महिन्यांची सुजाता रांगत भिंतीकडं निघाली होती आणि भिंतीत हातभर उंचीवर प्लगची भोकं होती. त्या भोकांत शालूनं स्वतः लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, रोज सकाळी त्या हलवूनही पाहायची. तरी तिनं धावत जाऊन पोरीला उचललं. बी.ए. झालेली बाई, पण वायरमनशी लग्न झाल्यापासून तिला घरातली प्रत्येक भिंत जिवंत वाटायची.

मग तिला वच्छला आठवली. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात दोघींच्या खाटा शेजारी होत्या. "तुही पोरगी पाय कशी टकमक पायते! माह्या पोट्ट्याले निस्ती झोप," असं म्हणून हसणारी वच्छला. तिचं पोरगंही आता नऊच महिन्यांचं.

आणि सगळ्यात शेवटी तिला आठवलं, की शालिकरामच्या घराचं वायरिंग तिच्या नवऱ्यानं केलं होतं. यंदाच, त्रेसष्टच्या जानेवारीत.

बुधवारी दुपारी देवमन घरी आला तो हातात एक कागद घेऊन. त्यानं तो शालूपुढं धरला. वीज निरीक्षकांच्या अकोल्याच्या कचेरीचा शिक्का होता. 'तपासणीच्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून निरीक्षकांची दिशाभूल केल्याचे दिसते. सोमवारी अकोल्यास हजर राहून खुलासा करावा. तो समाधानकारक नसल्यास लायसन रद्द करून प्रकरण पोलिसांकडे देण्यात येईल.'

लायसनची चौकट भिंतीवर होती, बाबासाहेबांच्या फोटोच्या खालीच. त्यांच्या वस्तीत आलेलं ते पहिलं लायसन.

"तुमी ओतलं पाणी?" शालूनं विचारलं.

देवमननं तिच्याकडं पाहिलं. "तूबी इचारून राहिली?"

२

सुजाता मांडीवर झोपल्यावर शालूनं पुन्हा विषय काढला. भांडायला नव्हे, समजून घ्यायला. तिला समजल्याशिवाय झोप यायची नाही, आणि अलीकडं समजूनही यायची नाही.

"मले पहिल्यापासून सांगा. मोटरीपासून."

शालिकरामच्या अंगणात हौद होता. फुलांवर शिंपडायला पाणी लागतं म्हणून त्यानं हौदावर छोटी मोटर बसवली होती. रबरी नळीनं ती हौदातलं पाणी ओढायची आणि लोखंडी पाइपानं गच्चीवरच्या टाकीत चढवायची. त्याच पाइपाला घरच्यांनी कपडे वाळत घालायची तार बांधली होती.

"मोटर उतरली असन," देवमन म्हणाला. "कोणतीबी मोटर कधी ना कधी उतरते. आतला करंट तिच्या अंगावर येते, तिथून पाइपात, पाइपातून तारेत. म्हणून तं अर्थिंग करतो आपण. मोटरीच्या अंगापासून एक तार जमिनीत नेतो. खड्ड्यात तांब्याची प्लेट, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. जमीन ओली असली का करंटाले सोपा रस्ता भेटते. तो तिकडं धाव घेते, फ्यूज उडते, माणूस वाचते."

"अन् कोरडी असली?"

"आपली काळी माती हाये, शालू. वैशाखात भेगा पडल्यावर कायचा रस्ता? फ्यूज उडत नाई, अन् करंट पाइपातच दबा धरून बसते. कोणी हात लावायची वाट पायत."

निरीक्षक भगवंतरावांनी जानेवारीत हँडल फिरवायच्या यंत्रानं जमिनीचा अडथळा मोजला होता, तेव्हा आकडा आला होता दोन; जितका कमी तितका चांगला. मंगळवारी दुपारी त्याच खड्ड्यावर ऐंशी आला. एवढ्या फरकाचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. आळशी वायरमन करतात तेच यानं केलं. साहेब यायच्या आधी दोन बादल्या मिठाचं पाणी खड्ड्यात ओतलं, आकडा सुंदर आणला, आणि साहेब गेल्यावर खड्डा वाळत सोडला.

"पण म्या पाणी नाई ओतलं. तिथं ओतायची गरजच नव्हती. ती जागाच अशी, का पाणी रोज पडते. म्हणून तं तिथं खड्डा खणला." देवमननं कपाळ चोळलं. "वाळला कसा, हेच मले समजून नाई राहिलं. घरात पाय ठेवू देत नाई शालिकराम. नाईतं पायलं असतं."

"पाणी पडत राहू द्या, असं कोणाले सांगतलं होतं?"

"सांगतलं ना. वच्छलाताईले."

"अजून कोणाले?"

देवमननं झोपलेल्या पोरीवरची माशी हाकलली.

"नाई," तो म्हणाला. "तिलेच."

३

शुक्रवारी शालू भेटायला गेली. सुजाताला सासूबाईंकडं सोडून, पांढरी सुती साडी नेसून, एकटीच. आपण कोणाची बायको हे ती सांगणार नव्हती. दवाखान्यातली ओळख तेवढी पुरे होती.

शालिकरामची आई मनकर्णाबाई ओसरीवर बसल्या होत्या, सहा दशकांचं फुलं गुंफणं बोटांत घट्ट बसलेली बाई. आता बोटं रिकामी होती आणि तरी हलत होती.

"मी वच्छलाच्या शेजारच्या खाटेवर होते, मावशी."

"बस बाई. बस." त्यांनी स्वतः उठून तांब्याभर पाणी आणून दिलं. शालू पाणी प्याली.

आत पोरगं रडत होतं. बाटली तोंडात घेत नव्हतं. ते रडणं ऐकून शालूच्या अंगावर दूध दाटलं, तिनं पदर घट्ट लपेटला आणि नजर अंगणात वळवली. तिची नजर कुठं एका जागी ठरतच नसे. सासूबाई म्हणायच्या, चिमणीची नजर हाये हिची.

डाव्या कोपऱ्यात भिंतीलगत अर्थिंगचा चौकोनी खड्डा होता. काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. खड्ड्याच्या वर, भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला, काजळीचा एक जिभेसारखा डाग होता, खाली तेलाचा ओघळ. डागाखाली काहीच नव्हतं. नुसती भिंत. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, तुळशीवृंदावन होतं. नवा चुना, बुडाचं सिमेंट अजून गडद. तुळशीच्या फांद्या मात्र मान टाकून होत्या.

"पोलिसांनी लई इचारलं असन, मावशी?"

"इचारलं तं खरं खरं सांगतलं. तो लाइटीचा इनस्पेक्टर आला त्या दिवशी तिथली माती ओलीचिप्प व्हती. डोयानं पायली म्या."

"कोणी ओतलं होतं पाणी?"

मनकर्णाबाईंची बोटं थांबली.

"त्यानंच असन. त्या मिस्तऱ्यानं. दिसाले कसा साधा, पांढरं धोतर, पांढरा सदरा…" त्या मध्येच थबकल्या आणि आत ओरडल्या, "अवं त्या पोराले कोणी घ्या ना!"

शालू उठली. पांढरं धोतर? देवमन कामावर खाकी चड्डी आणि खाकी सदरा घालायचा. कोळसा, माती लागली तरी दिसणार नाही म्हणून. ते कपडे ती रोज स्वतः धुवायची.

फाटकात शालिकराम समोरून आला. तिला पाहून जागच्या जागी थांबला. देवमनला कामाला बोलवायला तो दोनदा त्यांच्या घरी येऊन गेला होता.

"वहिनी? तुमी इथं?"

"कोण हाये रे ही?" ओसरीवरून प्रश्न आला.

शालिकरामनं खाली पाहिलं. "देवमन मिस्त्रीची बायको."

शालूला वाटलं, म्हातारी आता शिव्या देईल, सून मारली म्हणून आक्रोश करेल. मनकर्णाबाईंनी तसं काही केलं नाही. त्यांची नजर शालूच्या चेहऱ्यावर नव्हतीच. ओसरीवर ठेवलेल्या त्या तांब्यावर होती.

४

शेषराव नावाच्या दुसऱ्या वायरमनचं दुकान बस स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. ती मोटर त्यानंच शालिकरामला विकली होती, आणि वायरिंगचं काम मात्र देवमनला गेलं म्हणून चार महिने त्याची जीभ थांबली नव्हती. अर्थिंगची तार यानंच सैल केली असेल, असं शालूला दोन दिवस वाटत होतं. घरी परतायच्या ऐवजी ती सरळ तिकडंच वळली.

"या, मॅडम," शेषराव स्टुलावरून उठला नाही. "नवरा जेलात जाऊन राहिला, अन् बायको सीआयडी झाली का?"

"मोटर तुमची होती, शेषरावभाऊ."

"होती. उतरली. मोटर हाये ते, जावई नाई का जन्मभर टिकन." मग त्याचा आवाज खाली आला. "पोरगी मेली, वहिनी. म्या मंगळवारपासून नीट जेवलो नाई. पण माह्या हातानं तारेले धक्का लागला असन तं हा हात झडून जावो. अन् तार तुटली नाईच. साहेबानं पायली. जागच्या जागी हाये."

"मग खड्डा मेला कसा?"

"तेच तं!" शेषरावनं मांडीवर थाप मारली. "देवमनचं अर्थिंग मरत नाई. उन्हाळ्यात आमचे सगळ्याचे खड्डे कोरडे पडतात, लोकाले सांगून सांगून थकतो आमी, रोज बादली टाका म्हणून. कोणी टाकत नाई. याचे खड्डे मात्र जूनपर्यंत ओले. तीन वर्षं झाले, म्या त्याची ट्रिक शोधून राहिलो. तुमाले माहीत असन तं सांगा बाप्पा, चहा पाजतो."

शालू चहा न घेता निघाली.

घरी मागच्या अंगणात जाईबाई सुजाताला आंघोळ घालत होत्या. पोरीच्या अंगावरचं पाणी फरशीवरून ओघळलं, नालीतून वळलं आणि भिंतीजवळच्या चौकोनी खड्ड्यात जाऊन मुरलं. त्यांच्या घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात. शालूनं हे रोज पाहिलं होतं. आज ती तिथंच उभी राहिली.

देवमननं हा खड्डा मोरीजवळ खणला होता, कारण पोरीची आंघोळ कोणी विसरत नाही.

ती आत गेली. ट्रंक उघडली. देवमनचा पांढरा जोड एकच होता, आणि यंदा तो एकदाच बाहेर निघाला होता. तिनं बोटांवर दिवस मोजले. मग ती पडवीत बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एकच सांगा. त्या घरी तुमी खड्डा कशाजवळ खणला होता?"

देवमन ओशाळला. चोरी पकडल्यासारखं त्यानं तोंड फिरवलं, आणि मग सांगितलं.

५

शनिवारी अकरा वाजता भगवंतराव अकोल्याहून आले. सोमवारच्या आधी आकडा पुन्हा मोजून अहवाल पक्का करायचा होता. उंच, कोरडा माणूस, टोपीखालून घाम निथळत असलेला. जानेवारीचं प्रमाणपत्र त्यांच्याच सहीचं होतं, तेव्हा घाम नुसत्या उन्हाचा नसावा.

देवमन आणि शालू फाटकाबाहेर उभे होते. "येऊ द्या त्यांना," भगवंतराव शालिकरामला म्हणाले, "आरोप त्याच्यावर आहे." हँडल फिरलं. काटा स्थिर झाला. एक्याऐंशी.

"काही बोलायचंय?" त्यांनी देवमनला विचारलं.

"मी बोलू, साहेब?" शालू म्हणाली. तिनं हात मागं बांधले, वर्गात उभी राहायची तसे. "जानेवारीत इथली माती ओली होती, हे खरं आहे. आपण पाहिलीत, मावशींनी पाहिली. पण ती एका दिवसासाठी ओली केलेली नव्हती. इथं रोज पाणी पडत होतं. वर्षानुवर्षं."

"इथं? या कोपऱ्यात? कशासाठी?"

"हा डाग पाहा. दिव्याच्या काजळीचा आहे. रिकाम्या भिंतीसमोर संध्याकाळी कोणी दिवा लावत नाही." ती वळली. "आणि ते वृंदावन पाहा. चुना नवा, सिमेंट नवं, पण तुळस जुनी आहे, आणि मान टाकलेली. भर उन्हाळ्यात मुळं तोडून हलवलेली. शालिकरामभाऊ, तुळस आधी कुठं होती?"

शालिकराम गोंधळला. "इथंच. या कोपऱ्यात. आईनं हलवली. मी मोर्शीले गेलो होतो तवा. आल्यावर म्हणे, दिशा चुकली होती, जोशीबुवानं सांगतलं." त्यानं आईकडं पाहिलं. मनकर्णाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या.

देवमन पहिल्यांदाच बोलला, जमिनीकडं पाहत. "साहेब, माणसं खड्ड्यात पाणी टाकाले विसरतात. तुळशीले विसरत नाईत. म्हणून मी हिंदूच्या घरी खड्डा तुळशीजवळ खणतो, खोजाभाईच्या घरी वजूच्या, नमाजाआधी हातपाय धुवायच्या जागेपाशी. सांगत नाई कोणाले. माह्या तोंडून तुळशीचं नाव निघालं तं लोकाले काय वाटन, म्हणून."

भगवंतरावांनी चष्मा पुसला. "हे तुझं म्हणणं. पुरावा?"

"खणा," शालू म्हणाली.

शालिकरामनं स्वतः कुदळ घेतली. हातभर खाली कोळशाचा थर लागला, मग मिठाचा पांढरट थर, मग पुन्हा कोळसा. आणि त्या कोळशात, सगळीकडं शिरलेली, केसांसारखी बारीक मुळं. वाळलेली, एका बाजूनं सरळ तुटलेली. शालिकरामनं चिमूटभर उचलून बोटांत चुरली आणि नाकाशी नेली.

"तुळस," तो म्हणाला. "आई, खरं सांग, कायले हलवली तू?"

मनकर्णाबाईंनी खांबाकडं तोंड फिरवलं.

"मी सांगते," शालू म्हणाली. "तुम्ही काल म्हणालात, मावशी, पांढरं धोतर, पांढरा सदरा. माझा नवरा इथं काम करायला आला तेव्हा खाकीत होता. पांढऱ्यात तो यंदा एकदाच घराबाहेर पडला, चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीत. मिरवणूक फुलबाजारावरून गेली. त्या दिवशी तुम्हाला कळलं, देवमन मिस्त्री कोण आहे."

आत पोरगं कण्हत होतं.

"म्या त्याले माह्या हातानं चहा देल्ला व्हता," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता. "तुळशीच्या कट्ट्यावर बसून पेला तो. माह्या सासूच्या हातची तुळस. मिरवणुकीत पायलं अन् माह्या अंगाचा भडका झाला. दुसऱ्याच दिवशी गवंडी बलावला. शालिकराम हसला असता, म्हणून तो नसताना."

"आणि वच्छला?" शालूनं विचारलं. तिला खरं तर विचारायचं नव्हतं.

"ते नाई म्हणे. आत्याबाई, मिस्तऱ्यानं सांगतलं हाये, तिथं पाणी पडत राहू द्या. म्या आयकलं नाई. मंग ते लपून लपून एक तांब्या टाके तिथं. कपडे धुतल्यावर." खांबावरचा हात घसरला. "म्या पायलं. म्हटलं, त्याच्या खड्ड्याले पाणी घालते? अन् तिच्या हातातून तांब्या हिसकला. अक्षय तृतीयेच्या आधी. मंग नाई टाकला तिनं."

शालिकरामच्या हातातून कुदळ पडली. तो आईजवळ गेला नाही. आत गेला, आणि रडणारं पोरगं खांद्यावर घेऊन मागच्या दारानं निघून गेला.

६

भगवंतराव हौदाच्या कठड्यावर बसून अहवाल लिहीत होते. पेन थांबलं.

"दिशाभूल केल्याचं दिसत नाही, हे लिहिलं. लायसनला काही होणार नाही. सोमवारी येऊन सही करून जा." मग कागद जरा वर धरून ते म्हणाले, "अर्थिंगजवळचं पाणी बंद झाल्यानं अपघात झाला, हेही लिहिलं. पाणी बंद का झालं, त्याला मात्र या फॉर्मात रकाना नाही."

"मागं कोरी जागा हाये, साहेब," देवमन म्हणाला.

भगवंतरावांनी कागद उलटा केला. बराच वेळ कोऱ्या बाजूकडं पाहिलं. मग त्यांनी खरंच लिहिलं, सावकाश, ओळ खोडत खोडत. काय लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं नाही.

परतताना शंकराच्या देवळापाशी येऊन देवमन म्हणाला, "म्या त्या म्हातारीलेबी सांगाले पायजे होतं. लाजलो. तिच्या तुळशीच्या जिवावर माहं नाव चाललं होतं ना." त्याचं चुकलं नाही, असं शालू म्हणू शकली असती. ते पूर्ण खरं झालं नसतं.

लायसन भिंतीवर राहिलं. शालूची झोप मात्र परतली नाही. खुंट्या हलवून झाल्या की ती आता मोरीजवळच्या मातीत बोट खुपसून पाही.

पंधरा दिवसांनी, ऊन अजून तसंच तापलेलं असताना, ती सुजाताला कडेवर घेऊन फुलबाजारामागून जात होती. शालिकरामच्या अंगणाचं फाटक उघडं होतं. वृंदावन फाटकाजवळच होतं, तुळस जळून काटक्या झालेली. डाव्या कोपऱ्यात, नुसत्या भिंतीसमोर, मनकर्णाबाई वाकून उभ्या होत्या. कमरेवर नातू. हातात तांब्या. पाणी खड्ड्यात पडत होतं आणि पोरगं ओल्या मातीकडं टकमक पाहत होतं.

म्हातारीनं मान वर केली. दोघींनी एकमेकींना पाहिलं. या म्हणणं नाही, जा म्हणणं नाही.

"रोज टाकतो," मनकर्णाबाई शेवटी म्हणाल्या.

शालूनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"एक तांब्या नाई पुरत, मावशी," ती म्हणाली. "काळी माती हाये. पाऊस लागेपर्यंत बादली टाका."

मनकर्णाबाईंनी मान हलवली, नातवाला सावरलं आणि बादली घ्यायला हौदाकडं वळल्या.